मिठाला पाणी सुटण्याआधी

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे आहे. तिथून मुलांच्या शाळेसाठी घोडेगावला किंवा मंचरला बिऱ्हाड हलवायचं म्हटलं, की मुहूर्त जूनच्या तोंडावरचा. पाऊस अगदी दारात. अशा वेळी सामान बांधण्याआधी मिठाच्या बरणीत डोकवावं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. नेहमीच्या तापमानात हा आकडा फारसा हलत नाही, म्हणजे घरातलं हे फुकटचं आर्द्रतामापक. मिठाला पाणी सुटलेल्या हवेत तांदूळ उघडे राहिले, तर त्यांच्यातला ओलावा हळूहळू १४ टक्क्यांच्या पुढे सरकतो आणि बुरशीचं फावतं.

म्हणून धान्याला ऊन दाखवायचं ते पाऊस लागण्याआधी. पण उन्हातलं तापलेलं धान्य तसंच पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं, की केलेली मेहनत वाया. रात्री पत्रा गार होतो, धान्यातून निघालेली वाफ झाकणाला आतून थेंब होऊन लागते आणि वरचा थर भिजवते. धान्य पसरून पूर्ण निवू द्यावं, मगच भरावं.

सोंड्यांचं गणित वेगळं. मादी दाणा पोखरून आत अंडं घालते आणि भोक चिकट स्रावाने बुजवते. अळी आतच वाढते, त्यामुळे चाळून, पाखडून स्वच्छ दिसणारे तांदूळही नव्या घरात महिन्याभराने किडे काढतात. त्यापेक्षा न सडलेलं भात न्यावं, गिरणी मंचरलाही आहे. शाबूत तूस सोंड्याला सहज आत शिरू देत नाही. नाचणीची तर काळजीच नको, एवढ्याशा दाण्यात सोंड्याची अळी वाढणार कुठे? कडधान्याला राख चोळायची जुनी रीतही भाबडी नाही. राखेचे कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात, मग अंगातलं पाणी उडून तो वाळून मरतो.

फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून बर्फ वितळू द्यावा. मागे कॉम्प्रेसरजवळ एक तबकडी असते, तिच्यातलं पाणी माणसं हमखास विसरतात आणि डिंभे धरणाच्या कडेने जाणाऱ्या वळणांवर ते गाद्यांवर सांडतं. फ्रिज उभाच न्यावा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं वंगणतेल नळ्यांत शिरतं, आणि लगेच चालू केलं तर कॉम्प्रेसर तेलाविना फिरतो. आडवा आणावाच लागला, तर उभा करून दिवसभर थांबलेलं बरं. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आयसोब्युटेन भरलेला असतो. प्रमाण थोडं, पण वायू ज्वालाग्राही. मागची नळी दोरीने आवळू नये.

सिलिंडरही आडवा नको. उभ्या सिलिंडरच्या तोंडाशी वायू असतो, आडव्याच्या तोंडाशी द्रव येतो; गळती झाली तर त्या द्रवाचा सुमारे अडीचशे पट वायू होतो आणि हवेपेक्षा जड असल्याने टेम्पोच्या तळाशी साचतो. एजन्सी बदलणार असेल, तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून कागद तेवढे सोबत न्यावेत.

प्रवासाला भात शिजवून नेऊ नये. शिजवताना न मेलेले जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात भराभर वाढतात. भाकरी आणि सुकी चटणी घ्यावी.