शिवसागर: उलट्या दिशेने निघालेलं पाणी

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या कडेकडेने नीट दक्षिणेला वाहत येते. हेळवाकपाशी ती एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या जरा वर १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं आणि मागे शिवसागर साठला. जवळपास पन्नास किलोमीटर लांबीचा, ओढ्या-ओढ्यातून आत शिरलेला. साठवण १०५.२५ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.

या तलावाची खरी खुबी त्याच्या पश्चिमेच्या डोंगरात आहे. रांग एकच, आणि तिच्या पलीकडे कोकण थेट खाली कोसळतं. बंगालच्या उपसागराकडे जाणारं पाणी बोगद्यातून या रांगेखालून नेलं, की त्याला पावणेपाचशे मीटरची उडी मिळते. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळीला, डोंगराच्या पोटात, ते जनित्रं फिरवतं. तिथून सुटलेलं पाणी कोळकेवाडीला अडवून पुन्हा वीज काढतात, मग ते वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं. या वीजप्रकल्पाचे चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून क्षमता १९६० मेगावॉट. त्यातला एकटा चौथा टप्पा १००० मेगावॉटचा.

या चौथ्या टप्प्याचं पाणी घ्यायचं कसं, हा पेच मला सगळ्यात विलक्षण वाटतो. भरलेला तलाव रिकामा करणं शक्यच नव्हतं. म्हणून बोगदा खालून खणत तलावाच्या तळाशी नेला, शेवटचा खडकाचा पडदा तेवढा राखला आणि १३ मार्च १९९९ला तो सुरुंगाने उडवला. पाणी आपणहून आत आलं. नॉर्वेत रुळलेलं हे तंत्र. २०१२मध्ये आणखी खालच्या पातळीवर तेच पुन्हा केलं.

पण या पाण्याला वजनही आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे पडले. भिंत नंतर मजबूत केली. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करणारे आजही जगभरातून या खोऱ्याकडे पाहतात.

आणि पाण्याखाली गावं आहेत. विस्थापितांना दूरदूरच्या जिल्ह्यांत पाठवलं. त्यांच्या हक्काच्या जमिनीचं काम साठ वर्षांनंतरही पुरतं संपलेलं नाही, हे मला या वीजघराइतकंच ठळकपणे सांगावंसं वाटतं. जे काठावर वर सरकले, त्यांची पूर्वीची पायवाट आता पाण्यातून जाते. तापोळ्याहून माणसं लाँचने कांदाटी खोऱ्याकडे जातात, जीपगाड्या तराफ्यावर चढवतात. बामणोलीहून वासोटा किल्ल्याला निघालेला दुर्गप्रेमीही आधी बोटीतच बसतो. उन्हाळ्यात वीज बनता बनता पातळी उतरते, काठ मागे सरतो, आणि डोक्यावर बोजा घेतलेल्या बाईला लाँचपर्यंत कोरड्या, भेगाळलेल्या उतारावरून आणखी खाली जावं लागतं.