ठोकलेली गाडी सरळ करण्याचे शिक्षण

आयटीआयमध्ये वाहनदुरुस्तीचा सर्वांत परिचित ट्रेड म्हणजे दहावीनंतरचा दोन वर्षांचा ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’. डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम वर्षभराचा असतो. अपघातात चेपलेल्या गाड्यांसाठी बॉडी रिपेअर आणि बॉडी पेंटिंग असे वेगळे ट्रेड आहेत. पण ‘डेंटिंग-पेंटिंग’ म्हटले की ते उस्तादाच्या हाताखाली, हेल्परकी करतच शिकायचे, ही समजूत घट्ट आहे. ती आता बरीच जुनी झाली आहे.

कारण गाडीच बदलली. जुन्या जीपला चासिस वेगळी, बॉडी वेगळी. आजच्या बहुतेक मोटारींत बॉडी हाच सांगाडा असतो. धडक झाली की पुढचा भाग मुद्दाम चुरगळतो आणि धक्क्याचा जोर आत पोचण्याआधी जिरवतो. त्यामुळे बोनेट नीट बसले, तरी आतला सांगाडा काही मिलिमीटर सरकलेला असू शकतो. मग गाडी एका बाजूला ओढते, टायर तिरके झिजतात. म्हणून हातोडी उचलण्याआधी मोजमाप शिकवावे लागते. गाडी बेंचवर जखडायची, ठरलेल्या बिंदूंमधली अंतरे कंपनीच्या तक्त्याशी ताडायची आणि धक्का आला त्याच्या उलट दिशेने हायड्रॉलिक यंत्राने ओढायचे. दारांमधल्या खांबांचे पोलाद अतिशय कणखर असते, पण गॅसच्या ज्योतीने तापवले की त्याची ताकद जाते. असा खांब तापवून सरळ केला, तर दिसायला ठीक, पुढच्या अपघातात मात्र निकामी.

हातकाम संपलेले नाही. पत्र्यामागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून पुढून हलके ठोके देणे आणि डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याने ओळखणे सरावानेच येते. लांबी (पुट्टी) जाड थापून खड्डा लपवणारा कारागीर ओळखू येतो. काही महिन्यांत त्या लांबीला तडे जातात. रंगकामात खरी परीक्षा शेड जुळवण्याची. मेटॅलिक रंग शेजारच्या पॅनेलवरही विरवत न्यावा लागतो. टू-के (दोन घटकांच्या) रंगांच्या हार्डनरमधली आयसोसायनेट रसायने दमा जडवू शकतात, म्हणून योग्य मास्कशिवाय स्प्रेगन हातात घेऊ नये. साध्या गॅरेजांत तोंडाला रुमाल बांधून काम भागवतात, हे धोक्याचे आहे.

अभ्यासक्रमानंतर, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार, कारखान्यांत आणि सर्व्हिस सेंटरांत विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा त्यासाठी सोयीचा. नव्या गाड्यांनी शिक्षणात आणखी भर घातली आहे: विजेवरच्या गाडीत वेल्डिंगपूर्वी उच्च विद्युतदाबाची बॅटरी नियमानुसार वेगळी करणे आणि काही गाड्यांत समोरची काच बदलल्यावर तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा जुळवून घेणे.