फवारलं, पण झालं तर काहीच नाही!

हदगावच्या एका वाचकाने विचारलं आहे : ‘कितीतरी वर्षं कपाशीवर फवारतोय, कधी काही झालं नाही. मग २०१७ मध्ये यवतमाळातच माणसं कशी दगावली?’

पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हाच लागतो. कापूस तोच, औषधंही तीच. त्या हंगामात तिथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, बोंडअळीपायी फवारण्या वाढलेल्या, एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळलेली. वर मारलेला फवारा फवारणाऱ्याच्याच अंगावर उतरत होता.

त्यातली प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट कुळातली. दारं धरणाऱ्याला त्यांचं काम लगेच कळेल. मज्जातंतू स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे निरोप धाडतो तो ॲसिटिलकोलीन सोडून, म्हणजे सरीत पाणी सोडून. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचं एक विकर लगेच दार मोडून ते पाणी थांबवतं. हे विष त्या विकराचेच हात बांधतं. मग पाणी वाहतच राहतं : घाम, लाळ, डोळ्यांतून धारा, छातीत कफ. बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासच थकतो.

हे सगळं पहिल्यांदा भोगणाऱ्यांत खुद्द एक रसायनशास्त्रज्ञ होता. जर्मनीत गेरहार्ड श्राडर किडींवर औषध शोधत होता. डिसेंबर १९३६ मध्ये त्याच्या हाती ‘टाबुन’ आलं. पुढच्याच महिन्यात प्रयोगशाळेत त्याचा थेंब सांडला आणि तो व त्याचा सहायक यांच्या बाहुल्या आकसल्या, दम लागला. जर्मन लष्कराने या शोधातून युद्धासाठी विषारी वायू उभा केला. गंमत अशी, की ॲसिटिलकोलीनचं काम उलगडणाऱ्या ओटो लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं तेही त्याच डिसेंबरात!

आता वाचकाचा प्रश्न. ‘काही झालं नाही’ याचा अर्थ इतकाच, की शिल्लक विकरावर शरीराने भागवलं. रक्तपेशींतलं बांधलं गेलेलं विकर बहुतांशी नव्या पेशी तयार होतात तेव्हाच भरून निघतं, त्याला महिने लागतात. तोवर परवाची फवारणी, कालची आणि आजची अशी घट साचत जाते. लक्षणं दिसतात ती बरीच घट झाल्यावर.

ही घट साध्या रक्ततपासणीत दिसते. कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणाऱ्या मजुरांची हंगामाआधी आणि हंगामात कोलिनेस्टरेज तपासणी होते. पातळी फार घसरली की त्या मजुराला फवारणीवरून हटवतात. आपल्याकडे मात्र मास्क वाटले की कर्तव्य संपतं. फवारणीत विष मुख्यतः कातडीतून शिरतं. भिजलेल्या सदऱ्यापुढे मास्क काय करणार? भाद्रपदाच्या उन्हात संरक्षक किट घातलं नाही म्हणून मजुराला दोष देणाऱ्यांनी ते घालून एक एकर फवारून पाहावं.

पहिल्या फवारणीआधी ही तपासणी ग्रामीण रुग्णालयात मिळेल का, असं हदगावकरांनी जरूर विचारावं. चक्कर, मळमळ, अंधुक दिसणं सुरू झालं तर कपडे काढून अंग साबणाने धुवावं, दूध-तुपात वेळ घालवू नये. दवाखान्यात बाटली सोबत न्यावी. कारण उतारा विषानुसार बदलतो : ॲट्रोपिन ऑरगॅनोफॉस्फेटवर चालतं. डायफेन्थियुरॉन या वेगळ्या कुळातल्या कीटकनाशकावर तो उतारा नाही.