जुन्या ॲम्प्लिफायरला स्टील गिटारसाठी नवी पेटी

अमेरिकेतील कंट्री संगीतात पेडल स्टील गिटारचे स्वर दीर्घकाळ रेंगाळतात. ते मोठ्या आवाजातही फाटू नयेत, यासाठी ॲम्प्लिफायरमध्ये शक्तीची शिल्लक लागते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या फेंडर कंपनीच्या ‘ड्युअल शोमन रिव्हर्ब’मध्ये ती आहे. चार ६एल६ व्हॉल्व्ह आणि सुमारे ८५ वॉट शक्तीचा हा ‘हेड’ म्हणजे जवळजवळ स्पीकरविना ‘ट्विन रिव्हर्ब’च. त्यामुळे १५ इंची स्पीकरसह एकाच पेटीत बसवून त्याचा ‘कॉम्बो’ करता येतो.

खरी मेख जुळणीत आहे. मूळ रचनेत दोन स्पीकर मिळून ४ ओहमचा भार होत असे. म्हणून एकटा स्पीकरही ४ ओहमचा आणि पूर्ण शक्ती पेलणारा हवा. स्पीकर न जोडता यंत्र चालविल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडावी म्हणून पेटीची मागील बाजू अंशतः उघडी असावी. रिव्हर्बची स्प्रिंगपेटीही स्पीकरच्या कंपनांपासून जपावी लागते.

वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतदाब राहू शकतो; म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. मूळ पेटी मात्र जपून ठेवावी. ती शाबूत असेल, तरच यंत्र पुन्हा पूर्वरूपात आणता येते.