पहिली सुई आणि प्रतिबंध : दिघी किनाऱ्याच्या संदर्भात

ऑगस्ट २०२३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली. दिघी ज्या श्रीवर्धन तालुक्यात आहे, तेथेही ती सापडली. तथापि चरस हे ओढण्याचे द्रव्य आहे. इंजेक्शनचा धोका मुख्यत्वे अफूजन्य द्रव्यांशी, विशेषतः ब्राऊन शुगरशी निगडित आहे. आपल्या प्रबोधनपर व्याख्यानांत हा भेद बहुधा हरवतो.

ब्राऊन शुगरचा धूर घेणारा सुईकडे का वळतो? शरीर सरावते, माल महागतो आणि सुईने थोडक्या मात्रेत तोच परिणाम साधतो. कोलकाता, दिल्ली व चेन्नई येथे हेरॉइन दुर्मीळ होताच अनेक व्यसनी ब्युप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनकडे वळले. म्हणजे केवळ नाकेबंदीने सुई टळत नाही. याउलट, याच औषधाची जिभेखाली ठेवायची गोळी वैद्यकीय देखरेखीखाली दिल्यास तलफ आवरते.

पहिली सुई बहुधा अनोळखी विक्रेता देत नाही. मित्र, नातलग वा जोडीदार देतो. म्हणूनच ब्रिटनमधील नील हंट व सहकाऱ्यांचा १९९८ चा प्रयोग सुई घेणाऱ्यांशीच संवाद साधतो : नवख्यासमोर टोचून घेऊ नये, त्याने गळ घातल्यास नकार कसा द्यावा. भित्तिपत्रक स्पर्धांहून हा मार्ग अवघड, परंतु अधिक नेमका वाटतो.

विद्यार्थी धुराच्या टप्प्यावर असतानाच प्राध्यापकाने त्याला उपचारांकडे न्यावे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४ अ नुसार, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीस खटल्यापासून संरक्षण आहे.