घर पिपरीत, बिऱ्हाड हैदराबादेत

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांनी एक कागद आमच्या हाती दिला आणि म्हणाले, ‘तुम्ही जन्मभर सरकारी कागद वाचलेत, हाही वाचून सांगा.’ तो पिपरी मेघे येथील त्यांच्या राहत्या घराच्या विक्रीचा मसुदा होता. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून, भिंती एका वर्षी तर गिलावा तिसऱ्या वर्षी, अशा बेताने बांधलेले ते घर. मुलगा बारा वर्षांपासून हैदराबादेस आहे. कोंडापूरच्या बाजूला त्याने कर्ज काढून सदनिका घेतली आहे. ‘बाबा, तुम्ही आणि आई आता इकडेच या. तिकडचे घर विकले तर इकडचे कर्ज तरी फिटेल,’ असे तो म्हणतो, आणि त्यात गैर काही नाही. नात मात्र अद्याप आजीआजोबांजवळ आहे. वर्ध्याच्या शाळेत सातवीत शिकते आणि डॉक्टर व्हायचे म्हणते. मास्तरांनी विचारले होते ते घराविषयी. पण कागद वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की अधिक निकडीचा प्रश्न नातीच्या सातवीचा आहे.

हैदराबादेस निघालेल्यांना ‘गाव सोडणारे’ म्हणून नावे ठेवण्याचा अधिकार आम्हा पिपरीकरांना मुळीच नाही. आम्ही तरी येथले कोठे? आर्वी, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट या तालुक्यांतील कापसाच्या शेतीने ज्यांचे दोन्ही मुलगे पोसले जाईनात, त्या घरांतील एकेक मुलगा जिल्हा परिषदेत, कचेरीत, रेल्वेत अथवा शाळेत चिकटला आणि वर्ध्यास आला. शहरात जागा परवडेना म्हणून त्याने नगरपालिकेच्या हद्दीबाहेर ले-आउटमध्ये प्लॉट घेतला. अशा रीतीने पिपरी, सावंगी, बोरगाव, सिंदी, उमरी ही ‘मेघे’ नावाची गावे वर्ध्याच्या कडेने घरांनी भरून गेली. रस्त्याने जाणाऱ्याला शहर कोठे संपले व गाव कोठे सुरू झाले हे आता फलक वाचल्याखेरीज कळत नाही. जनगणनेच्या दफ्तरात पिपरी मेघे हे ‘जनगणना शहर’ आहे. याचा अर्थ असा की लोकसंख्या पाच हजारांवर, वस्ती दर चौरस किलोमीटरला किमान चारशे, आणि पुरुष कामकऱ्यांपैकी निदान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या उद्योगात; तरीही वैधानिक नगरपालिका नाही. शिरगणतीस शहर आणि कारभारास ग्रामपंचायत! ग्रामपंचायतीचा कायदा ज्यांनी लिहिला त्यांच्या डोळ्यांपुढे बैलगाडीचे रस्ते व सार्वजनिक विहीर होती. सांडपाण्याची भुयारी गटारे, मलनिस्सारण, इमारतींचे नकाशे ही कामे त्या चौकटीत बसविताना कारभाऱ्यांची ओढाताण होते. त्यामुळे प्रत्येकाने आपापली सोय आपल्या कुंपणात केली. आपली बोअर, आपली टाकी, आपला शोषखड्डा. घर झाले, गाव मात्र अर्धेच झाले.

ही हकीकत विस्ताराने सांगण्याचे कारण असे की आमची मुले जेथे जाऊन राहिली आहेत त्या उपनगरांची कुंडलीही याच नक्षत्रावर मांडलेली आहे.

वर्ध्याच्या माणसाला हैदराबाद हे परके शहर कधीच नव्हते. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वऱ्हाड, आणि त्यावर नाममात्र का होईना निजामाचे सार्वभौमत्व. खुद्द हैदराबादेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था उभारली. 1931 साली डॉ. श्री. व्यं. केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही तेथे भरले. पण ती मराठी वस्ती जुन्या शहराची होती, वकील, शिक्षक व व्यापारी यांची. आजचे जाणे निराळे. 1998 साली हैदराबादच्या पश्चिमेस माधापूरला ‘सायबर टॉवर्स’ ही इमारत उभी राहिली आणि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत माधापूर, गच्चीबावली, कोंडापूर, मियापूर, निझामपेट, मणिकोंडा अशा खडकाळ माळांवर एक दुसरेच शहर वसले. भोवती 158 किलोमीटरचा बाह्य वळणरस्ता झाला. सेवाग्राम व भोवतालच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या मुलांना पुण्याइतकेच हे शहर जवळचे वाटू लागले, आणि त्याला भूगोलाचाही आधार आहे. दिल्ली–चेन्नई लोहमार्ग सेवाग्राम स्थानकावरून जातो. दक्षिणेचा राष्ट्रीय महामार्ग जाम, हिंगणघाटवरून आदिलाबादेस उतरतो. सप्टेंबर 2024 मध्ये नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत गाडी सुरू झाली आणि तिला सेवाग्रामला थांबा मिळाला. भल्या सकाळी येथून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला सिकंदराबादेत पोहोचतो. मुंबईबद्दल असे म्हणण्याची सोय वर्धेकरांना अद्याप नाही.

या नव्या हैदराबादचा कारभार कसा वाढत गेला हे आमच्या लोकप्रतिनिधींनी मुद्दाम पाहावे. 2007 साली जुन्या महानगरपालिकेत भोवतालच्या बारा नगरपालिका व आठ ग्रामपंचायती विलीन करून बृहन्हैदराबाद महानगरपालिका झाली. तोवर कुकटपल्ली, शेरिलिंगमपल्ली ही गगनचुंबी उपनगरे निराळ्या नगरपालिकांखाली होती. त्या हद्दीबाहेर वस्ती पुढे सरकत राहिली आणि 2019 साली निझामपेट, बाचुपल्ली, प्रगतीनगर या ग्रामपंचायतींच्या जागी निझामपेट महानगरपालिका आली. तिचेही फार दिवस स्वतंत्र राहणे नव्हते. 2025 च्या अखेरीस भोवतालच्या सत्तावीस नागरी संस्था बृहन्हैदराबादेत घेण्याचा निर्णय झाला. तेथे सारे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. घरे आधी व गटारे मागाहून हा क्रम तेथेही चुकला नाही. तलावांच्या पोटात इमारती चढल्या. त्या हटविण्यासाठी 2024 साली स्वतंत्र यंत्रणा स्थापावी लागली. पाणी तर कृष्णा व गोदावरीवरून कोसांचे अंतर तोडून आणावे लागते. (गोदावरीचे पाणी येल्लमपल्लीच्या जलाशयातून जाते. वर्धा व वैनगंगा मिळून होणाऱ्या प्राणहितेचे पाणी मेडीगड्ड्याला अडवून उलट दिशेने याच जलाशयापर्यंत चढविणारी कालेश्वरम् योजना 2019 मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या बंधाऱ्याचे खांब खचले नसते, तर पिपरीची मुले जेथे गेली तेथे पिपरीच्या नाल्याचे पाणीही रीतसर पोहोचले असते असे म्हणता आले असते.) दोष असोत, पण वस्ती वाढली की तिला नागरी संस्था द्यावयाची एवढे तरी तेथे मान्य झालेले दिसते.

येथवर शहरांचा विचार झाला. माणसाचा विचार केला की प्रश्न अधिक कठीण होतो. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने भारतीय नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा व वसण्याचा हक्क दिला आहे. चीनमध्ये कुटुंबाच्या नोंदणीचे बाड माणसाच्या पायांत बेडीसारखे असते आणि शहरात राबणाऱ्या खेडुताच्या मुलाला शाळेत शिरताना ते आडवे येते. आपल्याकडे तशी बेडी नाही, याचा आपल्याला अभिमान असावा. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि तेथला होण्याचा वेगळा. हा दुसरा हक्क अनेक निरनिराळ्या नियमांत विखुरलेला आहे आणि बिऱ्हाड हलविताना टेम्पोत भांडी मोजणारे आपण ते नियम मात्र मोजीत नाही.

नातीचा प्रश्न येथे येतो. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी, काही अपवाद सोडता, अधिवासाबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. तेलंगणाने जुलै 2024 मध्ये आपला नियम कडक केला: स्थानिक उमेदवार ठरण्यासाठी पात्रता परीक्षेपूर्वीची सलग चार वर्षे, म्हणजे नववी ते बारावी, तेलंगणात काढलेली असावीत. त्यावर वाद झाला, आणि 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. आता हिशेब मांडून पाहावा. मास्तरांची नात दहावी वर्ध्यास करून अकरावीला हैदराबादेस गेली, तर बारावी तेथली म्हणून ती महाराष्ट्राची उरत नाही आणि नववी-दहावी येथली म्हणून तेलंगणाचीही होत नाही. उरतात त्या फक्त देशपातळीवरच्या जागा. आणि आपल्या घरांत मूल हलविण्याचा मुहूर्त नेमका दहावीनंतरचाच धरतात!

राखीव जागांचा नियम याहून कठोर आहे. आंध्रातून वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईस आलेल्या मर्री चंद्रशेखर राव या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा नाकारली गेली. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात स्थलांतरित झाला म्हणून त्याला तेथील सवलती आपोआप मिळत नाहीत. आंध्रातून मुंबईला येणाऱ्यास जे लागू, तेच वर्ध्याहून हैदराबादेस जाणाऱ्यास. पिपरीच्या कितीतरी घरांत शिक्षण व नोकरी या सवलतींच्या आधाराने आली आहे. त्या घरांतील नातवंडांना सीमा ओलांडताच तो आधार तेलंगणाच्या दारात ठेवून पुढे जावे लागते. जातीचा जाच मात्र कोणत्याही सीमेवर उतरवून घेत नाहीत.

मताचेही तसेच. मास्तरांचा मुलगा बारा वर्षे तिकडे आहे. नाव मात्र येथील यादीत. दर निवडणुकीत तो येतोच असे नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार तेथला, जेथे तो सामान्यतः निवास करतो. आणि एखाद्या मतदारसंघात आपले घर आहे एवढ्याच कारणाने माणूस तेथला रहिवासी समजला जात नाही, असे विसावे कलम स्पष्ट सांगते. निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचे प्रात्यक्षिक योजिले. राजकीय पक्षांनी शंका काढल्या आणि विषय तेथेच थिजला. वास्तविक नमुना क्रमांक आठ भरून नाव हलविता येते. पण तो भरीत कोणी नाही, कारण नाव हलविले की गाव सुटले असे वाटते. परिणामी जेथे कर भरतो, गटार तुंबले की नाक दाबतो, तेथल्या नगरसेवकाला याची गरज नाही. आणि ज्याला हा मत देऊ शकतो त्या गावात हा दिवाळीपुरता. दोन गावे असूनही नागरिक अर्धाच.

काही गोष्टी सीमा ओलांडतात हेही सांगितले पाहिजे. एका शिधापत्रिकेवर देशात कोठेही धान्य उचलण्याची सोय 2022 पासून सर्व राज्यांत झाली. सत्तर वर्षांवरील वृद्धांना ऑक्टोबर 2024 पासून मिळालेले पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान संरक्षण दोन्ही राज्यांतील संलग्न रुग्णालयांत चालते. मास्तरांना ही माहिती नव्हती आणि सेवाग्रामचे रुग्णालय सोडून जाण्याच्या कल्पनेने ते अधिकच धास्तावले होते. धान्य आणि औषध सीमा ओलांडू शकतात, तर शिक्षणाचा हक्क का ओलांडू नये? आई किंवा वडील नोकरीनिमित्त हलल्याचा पुरावा दिला तर एका तरी राज्याने मुलाला आपले मानलेच पाहिजे, एवढी तडजोड राज्यांना आपसांत करता येणार नाही काय? स्थानिक मुलांचा हक्क राखण्याचा तेलंगणाचा आग्रह आम्हाला चुकीचा वाटत नाही; आमचाही तोच आहे. तेलंगणाने 2018 मध्ये शाळांतून तेलुगू सक्तीची केली, महाराष्ट्राने 2020 मध्ये मराठी. मुंबईत मराठी न शिकणाऱ्यांवर रागावणाऱ्या आपण हैदराबादेत नातवंडांच्या तेलुगूच्या पुस्तकाला कपाळाला आठ्या घालू नयेत. मास्तरांचा मुलगा बारा वर्षांत भाजीवाल्याशी हिंदीवरच भागवितो, हे आम्ही त्यांना सांगितले. ते त्यांना आवडले नाही.

आणि पिपरीचे काय? संक्रमणावस्थेतील क्षेत्रासाठी नगरपंचायत असावी, असे चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1993 पासून सांगत आहे. तालुक्याची ठिकाणे म्हणून सेलू, समुद्रपूर, कारंजा, आष्टी येथे नगरपंचायती झाल्या, ते योग्यच झाले. वर्ध्याच्या कुशीतील गावांचा विषय निघाला की मात्र घरपट्टी वाढेल ही भीती पुढे येते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांची ती भीती खोटी नाही. परंतु जी पट्टी आपण वाचवितो तिच्याहून अधिक आपण बोअर खोल करण्यात व टँकर मागविण्यात घालवितो, हे कोणी वहीत मांडीत नाही. येथे उपनगराचे शहर झाले असते तर सगळी मुले थांबली असती, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. संगणकाचे काम पिपरीत नाही. पण परतण्याजोगे गाव असणे वेगळे आणि विकण्याजोगा प्लॉट असणे वेगळे.

मसुदा आम्ही मास्तरांना परत केला आणि सही करू नका म्हटले. निदान दोन वर्षे नको. वरचा मजला भाड्याने द्यावा, हिवाळ्याचे तीन-चार महिने दोघांनी कोंडापूरला राहून पाहावे, लिफ्ट बंद पडलेल्या दिवशी आठव्या मजल्यावर गुडघे काय म्हणतात तेही पाहावे. मुलाने नमुना आठ भरावा. नातीचे मात्र लांबविता येणार नाही. ती यंदा सातवीत आहे. आठवी संपण्याच्या आत तिची पुढची चार वर्षे कोणत्या राज्यात जायची हे ठरले पाहिजे. मास्तरांनी रात्री मुलाला फोन लावला. तो म्हणाला, ‘बाबा, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.’ मग फोन नातीने घेतला, आणि तेलुगूची अक्षरे किती असतात हे ती बापाला विचारीत होती.