गाव मांडलेले हॉटेल आणि आमची छकुली

गेल्या रविवारी आम्ही सहकुटुंब हॉटेलात जेवायला गेलो. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, सासूबाई आणि पावणेदोन वर्षांची छकुली. धाराशिव-तुळजापूर रस्त्यावरचे, 'जुने खेडे' उभे केलेले हॉटेल. दारात रंगीत दिव्यांची कमान, सिमेंटचे बैल जुंपलेली गाडी, कंदिलात विजेचे बल्ब, फेटेवाले वाढपी. ओसरीवर मिशाळ पाटलाचा पुतळा. त्याला पाहताच छकुलीने असे भोकाड पसरले की कशानेही थांबेना. अखेर एका वाढप्याने पाटलाच्या तोंडावर टॉवेल टाकला, तेव्हा कुठे ती गप्प झाली.

लहान मूल घेऊन अशा ठिकाणी जाणाऱ्या भगिनींना अनुभवाचे दोन शब्द सांगतो. संध्याकाळी सातच्या आत पोचावे. नंतर गर्दी होते, गाणी मोठ्याने लागतात आणि ताट यायला तास लागतो, तोवर मूल पेंगते. खाली बसायची बैठक मागावी, खुर्चीवरून मूल घसरते. उकळून गार केलेले पाणी आणि घरची मुगाची खिचडी बरोबर असू द्यावी. तिथला ठेचा मोठ्यांच्याही डोळ्यांत पाणी आणतो. अख्खे शेंगदाणे मात्र पोरांच्या हाती लागू देऊ नयेत, घशात अडकतात. आमच्या छकुलीने खिचडीला तोंड लावले नाही, दह्यात कुस्करलेली भाकरी मिटक्या मारत खाल्ली.

सासूबाई मात्र जेवत नव्हत्या. त्यांची नजर भिंतीतल्या कोनाड्यावर होती. तिथे कान तुटलेली एक कपबशी शोभेला मांडली होती.

"ही कुणाची रं?" त्यांनी विचारले.

"शोची हाय, आजी," वाढपी हसला.

सासूबाईंच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी अशीच बाहेरच्या कोनाड्यात असे. आपण काढून घ्यायची, वरून ओतलेला चहा बाहेर उकिडवे बसून प्यायचा, विसळून परत ठेवायची. हॉटेलात जाताना जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, असे घटनेचे 15वे कलम 1950 पासून सांगते. त्यांच्या गावच्या हॉटेलाला ते उमगायला पुढे कैक वर्षे गेली.

हॉटेलवाल्याने वाडा मांडला, पार मांडला, चावडी मांडली. वेशीबाहेरची आपली वस्ती तेवढी मांडायची राहिली. बैलगाडी पाहून मात्र सासूबाई खुलल्या. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली. तेव्हा बाबासाहेबांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली, असे त्यांचे वडील सांगत. छकुलीला गाडीत बसवून त्यांनी तेच पुन्हा सांगितले. तिचे लक्ष सारे बैलाच्या शिंगाकडे.

शेवटी चहा आला. पिऊन झाल्यावर सासूबाई कप घेऊन उठू लागल्या. "आई, राहू द्या तिथंच," आम्ही म्हणालो. त्या क्षणभर थांबल्या, कप खाली ठेवला आणि वाढप्याला म्हणाल्या, "अजून एक आण. साखर कमी."

बिल चारशे ऐंशी झाले. छकुलीच्या भाकरीचे पैसे लावले नव्हते.